वकीलबाईंची ओटी

ताईनं फ्लूची लस घेतली त्या दिवशी तिच्या अंगात घट्ट बाह्यांचा कुर्ता होता. बाही वर जाईना, म्हणून तिनं गळा बाजूला ओढून खांदा पुढे केला. न्यू जर्सीमधल्या पार्सिपनी गावातल्या त्या सुपरमार्केटमध्ये अगदी मागे औषधांचा काउंटर आहे, आणि तिथे रांग होती. फार्मासिस्टनं जेवढी कातडी दिसली तेवढ्यात सुई टोचली, म्हणजे दंडाच्या मांसल भागाच्या बरीच वर, जवळजवळ सांध्यात. लस घेतल्याबद्दल किराण्यावर सवलतीचं कुपन मिळालं. त्या कुपनावर आणलेली तूरडाळ त्याच संध्याकाळी वरच्या फळीवर ठेवताना ताईचा हात अर्ध्यात अडकला, आणि पुढे कित्येक महिने तो तिथेच अडकून राहिला.

तिला वेणी घालता येत नव्हती. गाडीचा सीटबेल्ट ओढताना ती तोंडातल्या तोंडात जे बोलायची, ते मुलांना कळू नये म्हणून शुद्ध मराठीत बोलायची. खांद्याच्या डॉक्टरनं सांगितलं की अशी इजा सुई फार वर गेली तर होते, क्वचित होते, पण होते. लसीत दोष नाही, टोचण्याच्या जागेत आहे.

भाऊजी, म्हणजे ताईचे यजमान, आयटीत आहेत. ऑफिसातल्या कुणीतरी त्यांना सांगितलं की अशा इजेची नुकसानभरपाई मिळते आणि वकील फुकट असतो. भाऊजींनी पहिल्या अर्ध्या वाक्याकडे लक्षच दिलं नाही.

"फुकट वकील म्हणजे काय, यार?" ते म्हणाले. "हिडन चार्ज असणार. पार्किंगमध्ये लावतील."

मी तेव्हा जर्सी सिटीत राहत होते आणि बहुतेक शनिवारी ताईकडे असायचे. एका वर्तमानपत्राच्या डेस्कवर बरीच वर्षं काढल्यामुळे घरातली कुठलीही सरकारी गोष्ट वाचून समजावण्याचं काम आपोआप माझ्याकडे येई. मी वाचलं आणि सांगितलं. लसीच्या इजेचा दावा सहसा नेहमीच्या कोर्टात कंपनीवर लावता येत नाही, त्यासाठी वेगळी योजना आहे. लसीच्या प्रत्येक डोसावर थोडा कर बसतो, तो एका फंडात जमतो. वॉशिंग्टनच्या एका कोर्टात नेमलेले खास न्यायाधीश हे दावे ऐकतात. चूक कुणाची ते सिद्ध करावं लागत नाही. वकिलाची फीसुद्धा त्याच फंडातून मिळते. दावा जिंकला तरी मिळते, आणि हरला तरी मिळू शकते, फक्त तो प्रामाणिकपणे आणि काहीतरी आधारावर केलेला हवा. फी किती ते न्यायाधीश ठरवतात. अट एकच, पण कडक: वकिलानं अशिलाकडून स्वतः काहीही घ्यायचं नाही.

ताईच्या सासूबाई सहा महिने इथे आणि सहा महिने पुण्याला असतात. सासरे पुण्यातच राहतात, कारण त्यांच्या मते गच्चीवरच्या कुंड्यांना अमेरिकेचा व्हिसा मिळणार नाही. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"चूक कुणाची नाही, पैसे कुणाचे नाहीत," त्या म्हणाल्या. "मग भांडायचं कुणाशी?"

"केंद्राच्या आरोग्यमंत्र्यांशी," मी म्हणाले. "कागदोपत्री प्रतिवादी ते असतात."

ताईच्या हातातला चमचा खाली पडला. "आपलं ग्रीन कार्ड पेंडिंग आहे आणि मी मंत्र्यांवर केस करू? वेड लागलंय का?"

तिला समजावण्यात एक आठवडा गेला. शेवटी पटवलं ते खांद्यानंच. एका सकाळी झाकण काढताना लोणच्याची बरणी तिच्या हातातून निसटली, आणि तेलात बसून ती म्हणाली, "करा केस."

वकीलबाई एकट्याच काम करणाऱ्या होत्या. तासभराच्या अंतरावर, एका दातांच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर त्यांची खोली होती. हाताखाली कुणी नाही. पहिल्याच फोनवर त्यांनी सांगितलं की मी वेळेची नोंद सहा-सहा मिनिटांच्या तुकड्यांत ठेवते, तुमच्यासाठी केलेला प्रत्येक तुकडा न्यायाधीशांना दाखवावा लागतो, पण तुम्हाला त्याची काळजी नको, तुम्ही काही देणं लागत नाही.

यातलं "काळजी नको" कुणी ऐकलं नाही. "सहा मिनिटं" सगळ्यांनी ऐकलं.

त्यानंतर त्या घरातून वकीलबाईंना गेलेले फोन मी ऐकले आहेत. ताई श्वास न घेता बोलायची. भाऊजी आधी बुलेट पॉइंट लिहून ठेवायचे. सासूबाईंची जागा स्वयंपाकघरातल्या घड्याळासमोर होती, आणि पाचवं मिनिट संपत आलं की त्या हातवारे करून "ठेव, ठेव!" म्हणायच्या. एकदा वकीलबाई काहीतरी विचारत असतानाच ताईनं "थँक यू, बाय" म्हणून फोन ठेवला.

"अगं, प्रश्न विचारत होत्या त्या!" भाऊजी म्हणाले.

"सातवं मिनिट लागलं असतं," सासूबाई म्हणाल्या.

"लागू दे ना आई! आपल्याला कुठे भरायचंय?"

"आपल्याला नाही म्हणून काय झालं? कुणाच्या तरी खिशातून जातंय ना? लोकांच्या घरी पंखा चालू ठेवून येतोस का तू?"

वकीलबाईंना वाटलं, हे कुटुंब माझ्यावर नाराज आहे. त्यांनी तसं भाऊजींना विचारलंही. भाऊजींनी खरं कारण सांगितलं. पलीकडून एक फुर्रकन फुटलेलं हसू आलं. वीस वर्षांत असे अशील पाहिले नाहीत, त्या म्हणाल्या. हे वाक्य सातव्या मिनिटात गेलं, अशी नोंद सासूबाईंनी केली.

केसमध्ये अडचण निघाली ती ताईच्या चांगल्या वळणामुळे. तिनं पहिल्या दोन महिन्यांत तीनदा फॅमिली डॉक्टरकडे जाऊन खांदा दाखवला होता, पण दर वेळी डॉक्टरनं आत येताच "कशा आहात?" विचारलं आणि दर वेळी ताईनं हसून "बरी आहे" म्हटलं. डॉक्टरनं तेच टाइप केलं: रुग्ण बरी आहे. खांदा पुढे कुठेतरी एका ओळीत. सरकारच्या वकिलानं बरोबर तेवढंच उचललं. बरी आहे म्हणते, मग दुखतंय काय?

"कुणी कशी आहेस विचारल्यावर कुणी रडगाणं लावतं का?" ताई म्हणाली.

"हेच मला जबानीत हवंय," वकीलबाई म्हणाल्या. मग घरच्यांच्या शपथेवरच्या जबान्या घ्यायचं ठरलं, आणि त्यासाठी त्या एका शनिवारी पार्सिपनीला स्वतः आल्या.

जबान्या दुपारपर्यंत झाल्या. सर्वांत जोरदार सासूबाईंची झाली. सुनेचा हात किती वर जात होता ते दाखवण्यासाठी त्यांनी आधी स्वतःचा हात वर केला, मग वकीलबाईंचा, आणि शेवटी भिंतीवर पेन्सिलीनं रेघ मारली. "हितपर्यंत. याच्यावर गेला तर माझं नाव बदला." भाऊजी भाषांतर करत होते. नाव बदलण्याचा भाग त्यांनी गाळला. भिंत मात्र नंतर रंगवावी लागली.

मग जेवण. मसालेभात, टोमॅटोचं सार, बटाट्याची भाजी, श्रीखंड. वकीलबाईंनी मसालेभात तीनदा घेतला. अशिलाच्या घरचं जेवण घ्यावं की नाही याचा त्यांनी आधी विचार केला होता, पण सासूबाईंनी "उपाशी माणसाकडून केस चालत नाही" असा निकाल दिला. निघताना सासूबाईंनी त्यांना पाटावर बसायला सांगितलं. घरात पाट नव्हता म्हणून योगाच्या मॅटवर बसवलं. हळदीकुंकू लावलं, ओढणी पुढे धरायला सांगितली. ओढणी नव्हती म्हणून ताईचा स्टोल दिला. त्यात खण, नारळ, तांदूळ, हळकुंड, सुपारी आणि एक लांबट पाकीट घातलं. पुण्याहून आणलेलं, पुढे एक रुपयाचं नाणं चिकटवलेलं, लाल-सोनेरी आहेराचं पाकीट.

"हे काय आहे?" वकीलबाईंनी भाऊजींना विचारलं.

"ब्लेसिंग," भाऊजी म्हणाले. हे त्यांचं त्या दिवसातलं सर्वांत वाईट भाषांतर होतं.

पाकिटात एकशे एक डॉलर आहेत हे भाऊजींना माहीत होतं. त्यांनी विचार केला तो असा: फी द्यायला बंदी आहे, ही फी नाही, ओटी आहे. सासूबाईंनी तर विचारच केला नव्हता. घरी जेवून गेलेली बाई, शिवाय आपल्या सुनेसाठी लढते, तिला रिकाम्या हातानं कसं पाठवायचं?

पुढच्या उन्हाळ्याच्या आधी केस ताईच्या बाजूनं लागली. रक्कम घरातल्या घरात ठेवायची असं ठरलं आहे, म्हणून इथेही लिहीत नाही. खांदा तोवर बराचसा सुटला होता. ताईला वेणी येऊ लागली, फक्त वरच्या फळीवरचा डबा अजून डाव्या हातानं काढायची. आता उरली होती वकीलबाईंची फी. दोनेक वर्षं त्यांनी या केसवर काम केलं आणि त्यातून एक सेंट पाहिला नव्हता. फीचा अर्ज सहसा निकालानंतरच करता येतो. त्या म्हणाल्या, दवाखान्यावाल्यानं वरच्या खोलीचं भाडं वाढवलंय, तेव्हा हा अर्ज नीट जायला हवा. त्यासाठी ताईकडून एक साधं निवेदन हवं होतं: केससाठी तुम्ही स्वतः काही खर्च केलात का?

फोन स्पीकरवर होता. सासूबाई नुकत्याच पुण्याहून परतल्या होत्या आणि घड्याळासमोरच्या खुर्चीत बसल्या होत्या. भाऊजींना ऑफिसची सवय, रिइम्बर्समेंट म्हटलं की सगळं सांगायचं. "पोस्टेज," ते म्हणाले. "डॉक्टरच्या रेकॉर्डची कॉपी काढायची फी. पार्किंग. आणि एकशे एक डॉलर."

"ते कशाचे?"

"तुमचे. आय मीन, तुम्हाला दिलेले. त्या पाकिटातले."

घड्याळात सहा मिनिटं उलटली होती. सासूबाईंनी यावेळी हात वर केला नाही.

"त्या पाकिटात पैसे आहेत?" वकीलबाईंनी हळूच विचारलं. "ते ग्रीटिंग कार्ड नाही? मी ते उघडलंच नाही. इतकं सुंदर आहे की टेबलावरच्या फोटोफ्रेमशेजारी उभं करून ठेवलंय. वर्षभर!"

मग त्यांनी शांतपणे परिस्थिती सांगितली. अशिलाकडून काही घेतलं नाही, हे मला खरं सांगता आलं पाहिजे. लपवणार नाही, कारण लपवायला लागले तर मग वकिली कसली? पैसे परत करते, तुम्ही मिळाल्याची सही द्या, मी सगळं जसंच्या तसं अर्जात लिहिते. पैसे परत गेले नाहीत, तर मात्र न्यायाधीश विचारतील, आणि विचारणं बरोबरच असेल. दोन वर्षांच्या कामाची फी त्यात अडकेल.

"लगेच पाठवा," भाऊजी म्हणाले.

"अजिबात नाही," सासूबाई मराठीत म्हणाल्या.

चार दिवसांनी पाकीट पोस्टानं आलं. सासूबाईंनी ते हातातच घेतलं नाही.

"आई, सही कर. एक सही."

"ओटी परत घेत नाहीत. तिच्या पदरात घातली ती. पदरातून काढून घेऊ? तिचं काही वाईट झालं म्हणजे?"

"अगं, परत नाही घेतली तर तिचं वाईट होणार आहे! फी अडकणार आहे तिची!"

"ते तुझ्या कोर्टाचं झालं. मी ओटीचं बोलतेय."

"मी सही करतो मग."

"पैसे तुझे होते का? खोटी सही करतोस? आणि केस सत्याची म्हणे!"

भाऊजींनी पेन खाली ठेवलं. वकीलबाईंनाही देणाऱ्याचीच सही हवी होती. ताईनं समजावलं, मी समजावलं. पुण्याहून सासऱ्यांनी व्हिडिओवर समजावलं, पण मागे कुंड्या दिसल्यावर सासूबाईंनी विषय मोगऱ्याकडे वळवला. पाकीट परत वकीलबाईंकडे गेलं. अर्जाची तारीख जवळ येत होती. एकशे एक डॉलर न्यू जर्सीच्या पोस्टात हेलपाटे घालत होते, आणि ताईला रात्री झोप लागेना. माझ्या खांद्यासाठी त्या बाईनं दोन वर्षं घातली, ती म्हणायची, आणि आता आपल्याच घरातून तिचं नुकसान.

तोडगा शेवटी सासूबाईंनीच काढला. तोही फोडणी देता देता.

"परत घेणार नाही," त्या म्हणाल्या. "पण उद्या ती माझी ओटी भरायला आली, तर मी नाही म्हणू शकते का? सवाष्णीनं ओटी नाकारू नये."

भाऊजी स्वयंपाकघराच्या दारात उभे होते. "आई," ते म्हणाले, "तू लॉ स्कूलला का नाही गेलीस?"

"मला कोण पाठवणार? तुझे आजोबा?"

वकीलबाई पुढच्या शनिवारी आल्या. भाऊजींनी सामानाची यादी पाठवली होती आणि त्यांनी ती इमानदारीनं पाळली होती, आपल्या परीनं. खणाऐवजी लिंबांची चित्रं असलेला नवा टी टॉवेल. तांदूळ बासमती, पण शिजवलेले, डब्यातून. कारण यादीत फक्त "राइस" लिहिलं होतं. हळकुंड मिळालं नाही म्हणून आल्याचा एक मोठा गाठीगाठींचा तुकडा. नारळ बरोबर होता, फक्त सोललेला आणि प्लास्टिकमध्ये, वर लाल स्ट्रॉ. आणि तेच पाकीट. नाणं त्यांना सोडवता आलं नव्हतं. भारतीय रुपयासुद्धा मी घेऊ शकत नाही, म्हणून अख्खं पाकीट.

सासूबाई योगाच्या मॅटवर बसल्या आणि त्यांनी पदर पुढे केला. वकीलबाईंनी गंभीर चेहऱ्यानं एकेक वस्तू घातली. शहाळ्यापर्यंत सगळे शांत होते. स्ट्रॉ पदरातून बाहेर डोकावला तेव्हा ताई फिस्सकन हसली. मग मी. भाऊजी तोंड भिंतीकडे करून उभे राहिले, पण त्यांचे खांदे हलत होते. सासूबाई तेवढ्या गंभीर. डब्यातला भात त्यांनी हातानं चाचपला.

"मीठ घातलंय का यात?" त्यांनी विचारलं. भाऊजींनी भिंतीकडे तोंड ठेवूनच भाषांतर केलं.

"थोडं," वकीलबाई म्हणाल्या. "लोणीसुद्धा."

आणि मग सासूबाई जी हसायला लागल्या, त्या थांबेचनात. वकीलबाई त्यांच्याशेजारी मॅटवर बसल्या आणि दोघी एकमेकींचे हात धरून, एकही शब्द समाईक नसताना, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत राहिल्या. हसता हसताच सासूबाईंनी सही केली, मराठीत, पूर्ण नावानिशी. तत्पूर्वी शंभर घेते आणि एक तुझ्याकडे राहू दे, असा एक प्रयत्न त्यांनी करून पाहिला. वकीलबाईंनी हात जोडले. एकही नाही.

अर्ज गेला. त्यात पाकीट होतं, परत आलेले पैसे होते, सही होती, आणि या सगळ्यासाठी लागलेला वेळ आपण बिलात धरलेला नाही अशी एक ओळ होती. पुढचे आठवडे घर परीक्षेच्या निकालाची वाट पाहावी तसं होतं. ताई सकाळी उठली की आधी फोन बघायची. देवापुढे सासूबाई काय बोलत होत्या ते त्यांनी सांगितलं नाही, पण त्यात "फी" हा शब्द होता.

एका दुपारी वकीलबाईंचा फोन आला. फी मंजूर झाली होती. पाकिटाबद्दल न्यायाधीशांनी एका वाक्यात समाधान नोंदवलं होतं आणि ते पुढे गेले होते. ताई खुर्चीत बसली आणि दोन्ही हात, हो, दोन्ही, तिनं डोक्यावर ठेवले. भाऊजींनी आधी "येस!" म्हटलं आणि मग सवयीनं विचारलं, "काही कापलं का?"

थोडंसं, वकीलबाई म्हणाल्या. पार्सिपनीला जबान्या घ्यायला आले त्या प्रवासाचा वेळ मी चुकून पूर्ण दरानं लावला होता. प्रवासाला अर्धाच दर देतात, तसा रिवाज आहे. न्यायाधीशांनी तेवढा निम्मा केला.

भाऊजींनी भाषांतर केलं. सासूबाई खुर्चीतून उठल्या.

"अर्धा? म्हणजे काय? अर्ध्या रस्त्यातून परत गेली होती का ती? पूर्ण गाडी चालवत आली, पूर्ण परत गेली! लाव त्या न्यायाधीशाला फोन."

"आई, न्यायाधीशाला फोन लावत नाहीत."

"मग तिला सांग, मी साक्ष देते. भिंतीवर रेघ मारून दाखवते कुठून आली ते."

भाऊजींनी नाइलाजानं हे सगळं इंग्रजीत सांगितलं, यावेळी काहीही न गाळता. पलीकडून हसू ऐकू आलं.

"त्यांना सांगा," वकीलबाई म्हणाल्या, "येताना मी पूर्ण रस्ता केसचा विचार करत होते आणि जाताना पूर्ण रस्ता मसालेभाताचा. न्यायाधीशांनी अगदी बरोबर ओळखलं."